पायाला सांगायचं नाव

सरकारी कामांच्या लॉटरीत हर्षालीला काम लागलं म्हणून रविराज पेढे घेऊन आला, आणि कामाचं ठिकाण ऐकल्यावर त्याचा पेढा धरलेला हात तसाच अधांतरी राहिला.

"कुठलं म्हणालीस?"

"कळवणच्या पुढं, काका. जांभळीच्या ओहळावरचा पूल. जुना अरुंद पडतोय, तो पाडून नवा बांधायचाय."

म्हसरूळच्या त्या घरात पंखा फिरत होता, कुकरची शिट्टी वाजत होती, शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडपत होतं. तरी घरात एकदम शांतता झाली. तिची आई स्नेहल झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. मैनाआजीनं सोलायला घेतलेला लसूण ताटात ठेवून दिला. आपली पोर कमावती झाली ह्याचा आनंद स्नेहलच्या चेहऱ्यावर शोधून सापडला नसता.

"असं काय बघताय सगळे?" हर्षाली म्हणाली. "काम लहान आहे, मान्य. पण पहिलंच आहे ना!"

आता ह्या पोरीला काय बोलणार? बाप गेला तेव्हा ती दुसरीत होती. दीपक पुरात गेला एवढंच तिला सांगितलेलं. कुठल्या पुरात, कुठल्या ओहळाला, हे तिनं विचारलं की घरातल्या कुणाला ना कुणाला नेमकं काहीतरी काम निघायचं. जांभळीच्या ओहळाकडे तिला कुणी कधी नेलंच नव्हतं.

शेवाळ्यांचं घर ठेकेदारीवर उभं राहिलेलं. मोऱ्या, फरशी पूल, शाळेच्या खोल्या, असली कामं हर्षालीच्या आजोबांनी, सावळीराम आप्पांनी, जन्मभर केली. पण ठेकेदाराची सरकारी नोंदणी म्हणजे काही सातबारा नव्हे, वारस लावला आणि पोराच्या नावावर चढला! गेल्या श्रावणात आप्पा गेले आणि त्यांची नोंदणी त्यांच्याबरोबर गेली. रविराजनं बापाच्या हाताखाली केस पांढरे केले, पण एकही काम स्वतःच्या नावावर केलेलं नाही. मग अनुभवाचा दाखला आणणार कुठून? राहिली हर्षाली. पोरगी सिव्हिलची इंजिनिअर, नोकरी नाही, आणि बेरोजगार इंजिनिअरला अनुभवाशिवाय नोंदणी मिळते. चार महिने ती एकटी पळत होती. बँकेचा ऐपतीचा दाखला, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, नोकरी करत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. एका खिडकीवर साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "मालक कोण? मालकांना पाठवा." तेव्हा हिनं ओळखपत्र काचेवर टेकवलं होतं आणि म्हणाली होती, "मालक मीच आहे. हर्षाली दीपक शेवाळे. लिहा."

हे सगळं रविराजला ठाऊक होतं. तरीही त्याच्या खिशात आज पेढ्यांच्या पावतीशेजारी मुखत्यारपत्राचा तयार कागद होता. नाव पोरीचं, कारभार आपला, असा त्याचा सरळ हिशोब. दोनदा त्यानं विषय काढला होता आणि दोन्ही वेळेला हर्षालीनं आणि तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या स्नेहलनं त्याला उडवून लावलं होतं.

आज मात्र स्नेहलच पुढं आली. 

"भाऊजी, तो कागद आणलाय का तुम्ही? द्या. हर्षू, सही कर त्याच्यावर. काम काकांना करू दे."

"आई! अगं, तूच म्हणाली होतीस ना, सही करू नकोस म्हणून?"

"तेव्हा म्हणाले होते. आता कर म्हणतेय."

हर्षालीनं रागानं काकाकडे हात पुढं केला. "द्या काका. जिंकलात. आईला पण फितवलंत."

आणि मग काय झालं असेल? ज्या कागदासाठी हा गडी दोन महिने घराच्या पायऱ्या झिजवत होता, तो कागद त्यानं खिशात आणखी खोल ढकलला. कपाळाचा घाम पुसला.

"नको," तो म्हणाला. "राहू दे. तुझंच नाव, तूच काम कर. मी मध्ये पडत नाही."

"भाऊजी!" स्नेहल ओरडली. "लाज नाही वाटत? पोरीला पुढं करता?"

"मग मी जाऊ का? मला लेकरं नाहीत का, स्नेहल? ओहळातून त्याला मी उचललाय. तू नव्हतीस तिथं. मी होतो!"

त्यानंतर घरात कुणी पेढ्याचा खोका उघडला नाही. संध्याकाळी त्याला मुंग्या लागल्या.

*

सांगायचं काम शेवटी मैनाआजीवर आलं. ह्या घरात अवघड कामं कायम तिच्याच वाट्याला यायची, मग ती बाळंतपणं असोत की मयतं.

मागच्या अंगणात नळाखाली भांडी घासत स्नेहल बसली होती. तिच्यासमोर पायरीवर हर्षाली. आजी बाजेवर.

"पुंजा मिस्तरी तुला ठाव हाय," आजीनं सुरुवात केली. "आपल्या दर कामावर पायाच्या काँक्रिटचा पहिला माल पडायच्या आधी पुंजा खड्ड्याच्या काठावर हुभा ऱ्हातो अन् तीनदा इचारतो. धनी कोण? ज्याची नोंदणी, त्यानं नाव सांगायचं. सांगितल्याबिगर माणसं घमेलं उचलत नाय."

"मग सांगायचं नाव. त्यात काय एवढं?"

"नाव सांगितलं की पायाला धनी मिळतो. मंग तो धनी त्या कामाचा होतो, पोरी. काम हुभं राहतं ते त्याच्या जिवावर."

हर्षाली हसली. हसावंसंच वाटलं तिला. पण आई भांडी घासायची थांबली होती आणि नळाचं पाणी तसंच वाहत होतं, म्हणून ते हसू अर्ध्यावर राहिलं.

"आप्पांनी जन्मभर नाव सांगितलं ना? ते तर ऐंशी वर्षं जगले."

मैनाआजीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. नवऱ्याचं हे गुपित तिनं आजवर स्नेहलशिवाय कुणापाशी बोललं नव्हतं. त्याचं नाव जसं कधी तोंडानं घेतलं नाही, तसंच.

"त्यांनी सोताचं नाव कधी सांगितलंच नाय. त्यांचा थोरला भाऊ हुता, चिंधू. लहानपणीच गेलेला. हे खड्ड्यापाशी वाकायचे आणि हळूच म्हणायचे, चिंधू शेवाळे. माणसांना वाटायचं, धन्यानं नाव सांगितलं. मेलेल्याचं नाव दिलं की पाया गप ऱ्हातो. मेल्याला आणखी काय मारणार?"

"आणि बाबा?" हर्षालीनं विचारलं.

उत्तर स्नेहलनं दिलं. हातातली राखेची घासणी तशीच धरून, भिंतीकडं बघत.

"त्यांनी डिप्लोमा केला होता. तुझ्यासारखीच त्यांनी पण नोंदणी काढली, स्वतःच्या नावावर. जांभळीचा पूल त्यांचं पहिलं काम. पुंजाबाबांनी विचारलं आणि ह्यांनी खणखणीत सांगितलं. घरी येऊन मला ऐकवलं पण, मी कसं सांगितलं ते. केवढा आनंद झाला होता." ती थांबली. "आप्पांनी चिंधूची गोष्ट त्यांना सांगितली नव्हती. पोरगा आपल्याला भित्रा म्हणेल म्हणून. तेवढ्यासाठी! पूल पुरा झाला आणि चैत्रात, भर दुपारी, तो बघायला गेलेले ते ओहळात पडलेले सापडले. पूर कसला गं? घोट्याएवढं पाणी होतं. घोट्याएवढं! अंगावर ओरखडा नाही, चपला काठावर नीट काढून ठेवलेल्या."

नळ कुणीतरी बंद केला. कुणी केला ते त्या तिघींपैकी एकीलाही नंतर आठवलं नाही.

"काम सोडून दे," स्नेहल म्हणाली.

"पहिलंच काम सोडलं तर दुसरं कोण देईल मला? नोंदणी काय भिंतीवर लावायला काढली?" हर्षालीचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "आणि आई, बाबांना हार्टॲटॅक आला असेल. उन्हाचा त्रास झाला असेल. पायाला कान असतात का?"

"नसतीलच," आजी म्हणाली. "तर मंग मेलेल्याचं नाव सांगायला तुझं काय जातं? आता हे गेलेच हायेत. त्यांचं नाव घे. नातीसाठी एवढं करतील ते."

हर्षालीनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते कळलं नाही. आणि आजीच्या मनात आलं ते असं, की पोरगी अगदी बापावर गेली. दीपकही असाच मान हलवायचा आणि मग मनाचंच करायचा.

*

जुना पूल पाडायला आठवडा पुरला. शेवटचा खांब पडला तेव्हा रविराज काठावर उभा होता. मध्ये पडत नाही म्हणाला होता, पण घरी बसवेना. इथंच, ह्याच खांबाच्या बुडाशी त्यानं भावाला उताणा केला होता. दीपकचे डोळे उघडे होते आणि तो घाबरलेला दिसत नव्हता, कुणीतरी हाक मारल्यावर वळून बघावं तसा दिसत होता. ही गोष्ट रविराजनं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

माल ओतायचा दिवस ठरला. स्नेहल येते म्हणाली तेव्हा कुणी अडवलं नाही. मैनाआजी तर आधीच गाडीत जाऊन बसलेली.

फाल्गुन संपत आलेला. दोन्ही अंगाला कांद्याची शेतं, बांधावर बाभळी. पाखरू नाही. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. ओहळ सुकून महिना झालेला, तरी खणलेल्या पायात पाणी होतं. सकाळपासून इंजिन लावून पाणी उपसत होते. उपसलं की खड्डा कोरडा व्हायचा, इंजिन बंद केलं की पाणी परत यायचं. घोट्याएवढं झालं की थांबायचं. त्याच्या वर नाही आणि खाली नाही.

"झरा लागलाय," हर्षाली डोक्यावरचं हेल्मेट सारखं करत म्हणाली. "काका, इंजिन चालूच ठेवायला सांगा."

"सांगितलं. बंद पडतंय सारखं."

पुंजा मिस्तरी तिपाईला ओळंबा बांधून बसला होता. खड्ड्याचा मध्य धरायचा तर ओळंबा स्थिर पाहिजे. दोरीला लटकलेला तो लोखंडी गोळा एवढासा, पण वजनदार. वारा म्हणाल तर बाभळीचं पान हलत नव्हतं. तरी ओळंबा झुलत होता. सावकाश. पुंजानं तो दोन बोटांत धरून थांबवला, बोटं काढली. ओळंबा परत झुलायला लागला.

"पुंजाबाबा, दोरीला पीळ असेल," हर्षाली म्हणाली.

"पिळानं गोळा गोल फिरतो, ताई. ह्यो सरळ झुलतोय. ह्या काठावरून त्या काठाला." पुंजानं तिच्याकडं बघितलं नाही. "लय दिस वाट बघितल्यावर माणूस येरझारा घालतो, तसा."

कामावरच्या बायांनी पाण्याच्या देवतांची, साती आसरांची पूजा मांडली. काठावर सात खडे, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. नारळ फुटला. मिक्सर फिरत होता, तो पुंजानं हात वर करून थांबवला. आणि एवढ्या उघड्या माळावर एकदम काहीच ऐकू येईना.

स्नेहलनं लेकीचं मनगट धरलं. "हर्षू, आजीनं सांगितलंय ना तसं कर. माझ्यासाठी कर. मला आणखी कुणी नाहीये गं!"

पुंजा काठावर उभा राहिला. टोपी काढली, काखेत धरली. खड्ड्यात बघून त्यानं विचारलं,

"धनी कोण?"

हर्षाली वळली आणि काकाकडं बघितलं. चार महिने ह्या घरात भांडण कशावरून चाललं होतं? नोंदणी कुणाच्या नावावर, सही कुणाची, बोर्डावर वर कुणाचं नाव, बिलावर कुणाचं. आता फुकटात मिळत होतं.

"काका," ती म्हणाली, "सांगा ना. तुम्हाला हवं होतं ना नाव? सांगा तुमचं."

रविराजनं जीभ ओठांवरून फिरवली. भाऊ डोळ्यांसमोर आला, घरची पोरं डोळ्यांसमोर आली. "मला माफ कर," तो म्हणाला, आणि पोरीकडं न बघता खाली मातीत बसला. म्हातारा दिसला एकदम.

हर्षालीला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. कॉलेजात शिकलेलं सगळं तिला आठवत होतं, झरा, मातीची धारणक्षमता, सगळं. आणि त्यातल्या कशानंही ओळंबा थांबत नव्हता.

"धनी कोण?" पुंजानं दुसऱ्यांदा विचारलं.

मैनाआजी पुढं झाली. तिनं पदर कमरेला खोचला. साठ वर्षांच्या संसारात उखाण्याशिवाय जे नाव तिच्या जिभेवर आलं नव्हतं ते तिनं भर उन्हात, गड्यामाणसांसमोर, खड्ड्यात वाकून घेतलं.

"सावळीराम! सावळीराम शेवाळे! ऐकलंस का? घे, त्याला घे! लेकाच्या वेळेला लपून बसला हुता, आता पुढं हो म्हणावं!"

बाया चपापल्या. एकीनं तोंडावर पदर घेतला. आजीचा आवाज खड्ड्यात गेला आणि परत आलाच नाही. एवढा खोल खड्डा, पण घुमला नाही. पाणी हललं नाही. ओळंबा मात्र जोरात झुलायला लागला, तिपाई करकरली.

"घेईना, वैनी," पुंजा हलक्या आवाजात म्हणाला. "त्याला ठकवलेलं कळतंय आता."

"मग राहू दे!" स्नेहल किंचाळली. "राहू दे पूल! चल हर्षू, घरी चल."

हर्षालीनं आईचा हात सोडवला. हळूच, एकेक बोट. काचेच्या खिडकीपलीकडचा साहेब तिला आठवला. मालक कोण? तेव्हा ती घाबरली नव्हती. आणि हेही तिला कळत होतं की आज मेलेल्याच्या आड लपून पाया भरला, तर उद्या आपली पोरं अशाच काठावर उभी राहतील आणि आपण आप्पांसारखं गप्प बसू. ती खड्ड्याच्या काठाला गेली. खाली घोट्याएवढं पाणी होतं, त्यात आभाळ होतं, आणि तिचं स्वतःचं डोकं वरून वाकलेलं.

"धनी कोण?" पुंजानं शेवटचं विचारलं.

हर्षालीनं श्वास घेतला. लायसन्सवर होतं तसं पूर्ण नाव सांगायचं, तिनं ठरवलं.

"हर्षाली..."

पुढचा शब्द तिच्या ओठांवर होता. तो तिनं उच्चारला नाही. तो खालून आला.

"दीपक."

पुरुषाचा आवाज. मोठा नाही. खणखणीत, थोडा हसरा, हजेरीला उभ्या राहिलेल्या पोरासारखा. रविराजनं ऐकला, त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले. मैनाआजीनं ऐकला आणि ती मटकन काठावर बसली. मिक्सरजवळच्या गड्यानं ऐकला, त्याच्या हातातलं फावडं पडलं.

ओळंबा थांबला. झुलता झुलता नव्हे, एकदम. दोरी सरळ, गोळा मधोमध.

पुंजानं टोपी डोक्यावर घातली. त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज कामाचा होता. "धनी मिळाला. चला रे, माल सोडा."

"थांबा!"

स्नेहल होती. ती धावत काठाला आली, गुडघ्यांवर बसली, बांगड्या-खडे बाजूला सरकवले. आता तिच्या चेहऱ्यावर भीतीचं नावसुद्धा नव्हतं. सोळा वर्षं ही बाई फोटोशी बोलली होती. फोटो बोलत नाही. आवाज कसा होता ते हळूहळू विसरत चाललेय, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"पुंजाबाबा, परत विचारा ना," ती म्हणाली. "एकदाच. परत विचारा, धनी कोण म्हणून."

पुंजा मान खाली घालून उभा राहिला. हर्षालीनं मागून आईच्या खांद्यांना धरलं.

"तीनदाच इचारायचं असतं, ताई," पुंजा म्हणाला.

मिक्सर सुरू झाला. पहिलं घमेलं खड्ड्यात पडलं, आणि त्या आवाजात स्नेहल वाकून, कान लावून बसली होती.